नेपच्यून : गणिताने सापडला हे खरं, पण अर्धंच (लांबलेला धागा आहे)

उत्तररात्र

परवा शनीच्या धाग्यावर कुणीतरी जाता जाता लिहिलं की नेपच्यून दुर्बिणीने नाही गणिताने सापडला, एक माणूस पॅरिसमध्ये बसून म्हणाला इथे बघा आणि तो तिथेच होता. खाली धडाधड +१. वाक्य खोटं नाहीये हो, पण तेवढ्यावर सोडलं तर सगळी मजा राहूनच जाते. म्हणून हा वेगळा धागा काढतोय. चहा घेऊन बसा.

सुरुवात युरेनसपासून करावी लागते. १३ मार्च १७८१ ला विल्यम हर्शेलने इंग्लंडातल्या बाथ गावी स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून तो पाहिला, आपले पत्रिकावाले त्याला अजून हर्षलच म्हणतात. नंतर जुनी बाडं चाळली तर कळलं की हा ग्रह आधी बऱ्याच जणांनी तारा समजून नोंदवून ठेवलेला आहे, फ्लॅमस्टीडने तर १६९० मध्येच. म्हणजे कक्षा काढायला नव्वद वर्षांच्या नोंदी आयत्याच मिळाल्या. आणि इथेच घोळ सुरू झाला. १८२१ मध्ये अलेक्सी बुव्हारने युरेनसची कोष्टकं छापली तेव्हा जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी एका कक्षेत बसेचनात. त्याने सरळ जुन्या बाजूला ठेवल्या, नव्यांवरून कोष्टक केलं, तर थोड्याच वर्षांत ग्रह त्या कोष्टकालाही जुमानेना. १८४५ च्या सुमाराला फरक दोन कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) घरात गेला होता. नुसत्या डोळ्यांनी जवळजवळचे दोन ठिपके एवढ्या अंतरावर असले तर वेगळे दिसणार नाहीत, पण न्यूटनचं गणित ज्यांनी आयुष्यभर केलं त्यांची झोप उडवायला एवढं पुष्कळ.

पलीकडे अजून एक ग्रह असेल आणि तो याला ओढत असेल ही शंका बऱ्याच जणांच्या डोक्यात होती, खुद्द बुव्हारच्या पण. पण शंका वेगळी आणि गणित वेगळं. ग्रह माहीत असेल तर तो शेजाऱ्याला किती ओढेल हे काढता येतं, इथे नुसती ओढ माहीत आणि त्यावरून ग्रह कुठे, किती जड, किती लांब हे सगळं एकदम काढायचं. पॅरिसमधला तो माणूस म्हणजे अर्बें ल व्हेरिए, त्याने ते केलं. १ जून १८४६ ला त्याने फ्रेंच अकादमीपुढे ग्रहाची जागा सांगितली, ३१ ऑगस्टला वस्तुमान आणि कक्षा. लोकांनी वाहवा केली आणि घरी गेले. पॅरिसमध्ये कुणी नेटाने दुर्बिणीला डोळा लावायला तयार होईना.

मग त्याला आठवला बर्लिनचा योहान गाले. या गालेने वर्षभरापूर्वी आपला प्रबंध ल व्हेरिएला पाठवला होता आणि साहेबांनी पोच सुद्धा दिली नव्हती. आता काम पडल्यावर १८ सप्टेंबरला पत्र गेलं, आधी प्रबंधाची स्तुती आणि मग हळूच, जरा अमुक जागी बघता का. (माणसं सगळीकडे सारखीच.) पत्र २३ सप्टेंबरला पोचलं. वेधशाळेचे प्रमुख एन्के फारसे उत्साही नव्हते पण त्यांचा त्या दिवशी पंचावन्नावा वाढदिवस, संध्याकाळी घरी कार्यक्रम, दुर्बीण तशीही रिकामी, म्हणाले बघा काय बघायचंय ते. हाइनरिश द'आरेस्ट नावाचा एक विद्यार्थी मीपण येतो म्हणून मागे लागला.

गालेने आधी चकती दिसते का ते पाहिलं, कारण तारा बिंदूसारखा आणि ग्रह चकतीसारखा दिसायला हवा. काही दिसेना. तेव्हा त्या विद्यार्थ्याने सुचवलं की नकाशा काढून ताडून बघू. बर्लिन अकादमी आकाशाचे बारीक नकाशे तुकड्या-तुकड्याने करत होती आणि नेमका हवा तो तुकडा, ब्रेमिकरने केलेला, छापून तयार होता पण बाहेर वाटला गेला नव्हता. तो एन्केंच्या कपाटात सापडला. मग गाले दुर्बिणीवर बसून एकेका ताऱ्याची जागा आणि तेज ओरडून सांगतोय, द'आरेस्ट टेबलाशी नकाशात बोट फिरवतोय, आहे, आहे, आहे, आणि आठव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाची पायरी, आकडा जेवढा मोठा तेवढा तारा अंधुक) एक तारा सांगितल्यावर हा ओरडला, हा नकाशात नाही! एन्केंना पार्टीतून बोलावून आणलं, तो ठिपका मावळेपर्यंत तिघांनी पाहिला. दुसऱ्या रात्री तो सरकलेला होता. सांगितलेल्या जागेपासून एक अंशही लांब नव्हता.

आता माझा मुद्दा. ती जागा बरोबर होती, पण ल व्हेरिएने काढलेली कक्षा चुकीची होती. त्याने अंतर धरलं होतं सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३६ पट, खरं निघालं ३० पट. वस्तुमान जवळपास दुप्पट धरलं होतं. म्हणजे उत्तराचा एक आकडा बरोबर आणि बाकीचे चुकलेले, आणि जो बरोबर आला नेमका तोच दुर्बिणीला हवा होता. शिवाय तो नकाशा त्या कपाटात नसता तर ती रात्र कोरडीच गेली असती असं मला वाटतं. गणिताला नावं ठेवत नाहीये, पण द'आरेस्टचं नाव शाळेच्या कुठल्याच पुस्तकात का नाही?

चहाबाज

मी पयला! वाचनखूण साठवली. पण लेखात ॲडम्स कुठाय?? आम्ही तर शाळेत "ॲडम्स व लव्हेरिए यांनी स्वतंत्रपणे" असं पाठ केलेलं, एक मार्काला यायचं ते.

गणितवाला

ॲडम्सचं प्रकरण धागाकर्त्याने मुद्दाम टाळलं असेल कारण ते काढलं की धागा तिकडेच वाहत जातो. असो, काढलंच आहे तर.

जॉन काउच ॲडम्स केंब्रिजचा, १८४१ मध्ये विद्यार्थी असतानाच त्याने वहीत लिहून ठेवलं की पदवी झाली की युरेनसचं गणित घ्यायचं. घेतलं. ऑक्टोबर १८४५ मध्ये तो ग्रीनिचला राजज्योतिषी (म्हणजे तिथल्या वेधशाळेचा प्रमुख) एअरीच्या घरी न सांगता गेला, साहेब जेवत होते, भेट नाही झाली, मग उत्तराचा कागद ठेवून परत. एअरीने नंतर पत्राने एक प्रश्न विचारला, की तुझ्या ग्रहाने युरेनसच्या सूर्यापासूनच्या अंतरातली तफावत पण सुटते का. ॲडम्सने उत्तरच दिलं नाही. लोक एअरीला खलनायक करतात पण प्रश्न अगदी रास्त होता हो, पोराने उत्तर द्यायला हवं होतं.

पुढे १८४६ च्या उन्हाळ्यात ल व्हेरिएचा जूनचा निबंध वाचून एअरी खडबडून जागा झाला, कारण दोघांच्या जागा जवळजवळ येत होत्या. त्याने केंब्रिज वेधशाळेच्या चॅलिसला शोधायला लावलं. चॅलिसने जुलैअखेर सुरुवात केली, त्याच्याकडे तो बर्लिनचा नकाशा नव्हता, म्हणून पट्टाच्या पट्टा तारे नोंदवत बसला, नंतर तुलना करू म्हणून. ऑगस्टमध्ये दोनदा त्याच्या वहीत नेपच्यून आलेला आहे!! तुलना करायची राहिली. बर्लिनची बातमी आल्यावर मग इंग्रजांनी आमचा ॲडम्स पहिला असा गलका केला आणि पॅरिसची वर्तमानपत्रं खवळली.

आता खरी गंमत ऐका. ग्रीनिचमधली या प्रकरणाची मूळ फाइल विसाव्या शतकात गायब झाली होती, वर्षानुवर्षं मागणाऱ्यांना सापडत नाही म्हणून सांगायचे. १९९८ मध्ये ऑलिन एगन नावाचा खगोलशास्त्रज्ञ वारला तेव्हा त्याच्या चिलीतल्या सामानात ती निघाली. मग कागद परत तपासले गेले. ॲडम्सने एक नाही सहा वेगवेगळी उत्तरं काढली होती आणि शेवटचं तर दहा अंशांहून जास्त चुकलेलं होतं. गणित त्याने केलं यात वाद नाही, पण शोधून काढ म्हणून कुणाला ठामपणे सांगितलं नाही. ल व्हेरिएने सांगितलं, छापून, सही करून. माझं मत, शोध ल व्हेरिए आणि गाले यांचा, ॲडम्सला उत्तेजनार्थ.

रानजाई

उत्तेजनार्थ 😂

पण मला चॅलिसची कीव येते. त्याच्या जागी आपण असतो तर वेगळं काय केलं असतं? हजारो ठिपके हाताने लिहायचे, ढग आले की थांबायचं आणि त्याला स्वतःला त्या गणितावर विश्वास नव्हताच मुळी. विश्वास नसताना माणूस तुलना करायचं काम पुढे ढकलतोच. आणि चुकलेल्यांत तो एकटा नाहीये, गॅलिलिओला पण दिसला होता ना नेपच्यून?

उत्तररात्र

हो, २८ डिसेंबर १६१२ आणि मग जानेवारी १६१३ च्या शेवटी. तो गुरूचे चंद्र काढत होता आणि योगायोगाने नेपच्यून त्या वेळी आकाशात गुरूच्या अगदी शेजारून जात होता. त्याने चित्रात ठिपका काढला, तारा म्हणून. जानेवारीच्या नोंदीत तर असंही लिहिलंय की हे दोन तारे काल एकमेकांपासून जास्त लांब वाटत होते. म्हणजे हललेला जाणवला! हे १९८० मध्ये कोवाल आणि ड्रेक यांनी वह्या चाळताना लक्षात आणून दिलं. आणि फ्रेंच खगोलज्ञ लालांदच्या मंडळींची पॅरिसची नोंद आहे मे १७९५ ची, ८ तारखेला एक जागा, १० तारखेला दुसरी, त्यांनी पहिली मोजमापातली चूक म्हणून सोडून दिली.

चॅलिसबद्दल सहमत आहे, पण कीव म्हणाल तर मला द'आरेस्टची जास्त येते, चॅलिसचं नाव निदान फजितीसाठी तरी राहिलं.

पंचांगप्रेमी

लेख माहितीपूर्ण. फक्त एक, नेपच्यून सध्या मीनेत आहे आणि शनीही मीनेत, हा योग साधासुधा नाही, जलतत्त्वाच्या राशीत दोन मंदगती ग्रह. यावर कुणी बोलणार की नाही? की इथे फक्त पाश्चात्यांचंच कौतुक.

गणितवाला

बोलतो की. तुमच्या नेपच्यूनचं फळ १८४६ च्या आधी कुणाच्या पत्रिकेत का येत नव्हतं एवढं सांगा.

पंचांगप्रेमी

गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी नव्हतं का? फळ होतंच, कारक माहीत नव्हता. पुढे वाद घालायची इच्छा नाही.

चहाबाज

उत्तर आवडलं खरं तर, हलके घ्या गणितवाले 😄

सह्यभटक्या

मीनेत आहे हे मात्र कामाचं सांगितलंत काका, कारण शोधायचा कुठे हे त्यावरूनच ठरतं. २०२५ च्या सप्टेंबरात शनी आणि नेपच्यून आकाशात दोन-तीन अंशांवर होते, म्हणजे शनीवर दुर्बीण लावली की काम अर्धं झालं. पण प्रतियुती (ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे रात्रभर वर) येते २०-२५ सप्टेंबरच्या सुमाराला आणि आपल्याकडे तेव्हा आकाशाचा भरवसा कुणी द्यावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबर खरा सीझन, संध्याकाळीच वर असतो.

नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, कधीच नाही, कुणी दिसला म्हणालं तर हसून सोडून द्या. तेज ७.८ प्रत. १०x५० ची द्विनेत्री असेल आणि मुंबईच्या उजेडापासून लांब, वांगणी किंवा मुरबाडच्या पुढे गेलात तर दिसतो, पण एक ठिपका म्हणूनच. आजूबाजूला तसेच दहा ठिपके. त्यामुळे करायचं तेच जे बर्लिनला केलं, मोबाइलवर नकाशा काढायचा, तारे एकेक ताडायचे, जो जास्तीचा तो आपला. सहा इंची आरशाच्या दुर्बिणीला दोनशेच्या आसपास मॅग्निफिकेशन लावलं आणि हवा स्थिर असली की मग तो ठिपका टोचरा राहत नाही, बोथट होतो, कडा येते, अगदी फिकी राखाडी-निळसर टिकली. शेजारच्या ताऱ्यावर नेऊन परत यावरती आणलं की फरक कळतो. पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण "हे एवढंच?" म्हणतात. मग मी सांगतो की हा प्रकाश चार तासांपूर्वी तिथून निघालाय, तेव्हा जरा गप्प होतात.

निळी_शाई

राखाडी-निळसर म्हणालात ते बरं झालं. कारण सगळ्यांच्या डोक्यात तो गडद निळा शाईसारखा नेपच्यून आहे आणि तो रंग खरा नाहीये!

व्हॉयेजर २ तिथून गेलं २५ ऑगस्ट १९८९ ला, उत्तर ध्रुवाच्या ढगांवरून फक्त पाच हजार किमीवरून, आजवर तिथे गेलेलं एकमेव यान. त्याचे जे फोटो छापून आले त्यात ढग आणि वादळं उठून दिसावीत म्हणून निळा मुद्दाम गडद केला होता. तेव्हा सोबतच्या मजकुरात तसं लिहिलेलं असायचं, मग फोटो राहिला आणि मजकूर गेला. २०२४ च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने हबल ही अवकाशातली दुर्बीण आणि चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीची मापं वापरून रंग परत बसवला, तर नेपच्यून आणि युरेनस जवळपास सारखेच फिकट हिरवट-निळे. नेपच्यून किंचित जास्त निळा, कारण त्याच्यावरचा धुरकट थर पातळ आहे. निळेपणा येतो मिथेनमुळे, तो तांबडा प्रकाश खातो.

व्हॉयेजरला दक्षिणेकडे एक गडद डाग दिसला होता, पृथ्वी आत बसेल एवढा. सगळ्यांना वाटलं गुरूच्या तांबड्या डागासारखा हा पण शतकानुशतकं राहणार. १९९४ मध्ये हबलने बघितलं तर डाग गायब. नंतर दुसरे आले नि गेले. २०१८ मध्ये हबलला सापडलेला एक तर पुढे जमिनीवरच्या दुर्बिणीतून पण पकडता आला, ते पहिल्यांदाच. आणि वारे, ताशी दोन हजार किमीच्या वर, सूर्यमालेत सगळ्यात जोराचे. एवढ्या लांब, जिथे ऊन पृथ्वीच्या नऊशेव्या हिश्शाएवढं, तिथे वाऱ्याला शक्ती कुठून मिळते? तर आतून. नेपच्यूनला सूर्याकडून जेवढी ऊर्जा मिळते त्याच्या अडीच पटीहून जास्त तो बाहेर टाकतो. युरेनस जवळपास तेवढाच मोठा, सूर्याच्या जवळ, आणि त्याच्या आतून जवळजवळ काहीच येत नाही. हे असं का यावर अजून एकमत नाहीये. मला विचाराल तर वारे नि डाग वगैरेपेक्षा हेच नेपच्यूनचं सगळ्यात मोठं कोडं आहे.

चहाबाज

आणि हिऱ्यांचा पाऊस? व्हॉट्सॲपवर येत असतं ते. खरं का थापा?

निळी_शाई

अर्धवट खरं. कुणी पाहिलेला नाहीये. आत हजारो किमी खोल पाणी, अमोनिया, मिथेन यांचं गरम दाट मिश्रण आहे (त्याला बर्फाळ राक्षस म्हणतात पण आत बर्फ-बिर्फ नाही, हजारो अंश तापमान). त्या दाबाखाली मिथेनमधला कार्बन सुटा होऊन हिरे बनावेत आणि खाली बुडत जावेत असा अंदाज. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या तुकड्यावर लेसरने तसा दाब क्षणभर देऊन बघितला तर अतिसूक्ष्म हिरे खरंच तयार झाले. म्हणजे होऊ शकतं एवढं सिद्ध झालं. तिथे होतंय का, तिथे गेल्याशिवाय कळणार नाही.

रानजाई

ट्रायटनबद्दल कुणीच बोललं नाही अजून. माझा आवडता. ग्रह सापडल्यावर सतराच दिवसांनी १० ऑक्टोबर १८४६ ला लॅसेलने शोधला, जो धंद्याने बिअर गाळणारा आणि हौसेने दुर्बिणी करणारा. हा चंद्र उलटा फिरतो, नेपच्यून स्वतःभोवती ज्या दिशेने फिरतो त्याच्या बरोब्बर विरुद्ध. एवढा मोठा चंद्र जागेवर तयार होऊन उलटा फिरूच शकत नाही, म्हणजे बाहेरून आलेला, पकडलेला. प्लूटोचाच भाऊबंद, आकाराने त्याहून थोडा मोठाच. तो आला तेव्हा नेपच्यूनच्या मूळच्या चंद्रांची वाताहत झाली असणार. व्हॉयेजरने मोजलं तर पृष्ठभाग उणे २३५ सेल्सिअस, आणि तशा थंडीत नायट्रोजनचे फवारे आठ किमी उंच उडत होते!! उलटा फिरत असल्यामुळे तो हळूहळू आत ओढला जातोय, काही अब्ज वर्षांनी फुटणार, आणि मग शनीला लाजवेल असं कडं होणार नेपच्यूनला.

म्युनिककर

उशिरा आलो. गालेने जी दुर्बीण वापरली ती इथे म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे, काही वर्षांपूर्वी पाहिली. फ्राउनहोफरची भिंग-दुर्बीण, भिंगाचा व्यास २४ सेंमी, नळी चांगली चारेक मीटर लांब. पाटी वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं हे काय आहे ते. बायको म्हणाली इथे का थांबलास, पुढे विमानं आहेत. तिला तिथल्या तिथे एन्केंचा वाढदिवस, कपाट, नकाशा सगळं सांगितलं, तर म्हणाली म्हणजे ज्याच्या घरी पार्टी होती त्यानेच नाही शोधला. हो म्हटलं.

कड्यांचं थोडं सांगतो. नेपच्यूनची कडी १९८० च्या दशकात आधी चकवत होती. ग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश कड्यामुळे लुकलुकावा, तर तो कधी एका बाजूला लुकलुके आणि दुसऱ्या बाजूला नाही. मग अर्धवट तुटकी कडी असतील असं म्हणू लागले. व्हॉयेजरने दाखवलं की कडं पूर्ण आहे पण एका भागात माल जास्त साचलेला आहे, गाठी पडल्यासारखा. त्या गाठींना फ्रेंचांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता अशी नावं दिली. आणि कड्यांना नावं कुणाची? गाले, ल व्हेरिए, लॅसेल, तेव्हाचा पॅरिस वेधशाळेचा प्रमुख आरागो आणि सगळ्यात बाहेरचं ॲडम्स! गणितवाले, उत्तेजनार्थवाल्याला सगळ्यात मोठं कडं मिळालंय.

गणितवाला

मान्य. द'आरेस्टला मात्र तिथेही नाही.

बेळगावी_कुंदा

एवढा धागा झाला आणि आपल्या केतकरांचं नाव कुणीच काढलं नाही म्हणजे कमाल आहे. व्यंकटेश बापूजी केतकर, जन्म १८५४, पेशाने शाळामास्तर, आयुष्य आमच्याच भागात, बागलकोटकडे गेलं. ज्योतिर्गणित, केतकी ग्रहगणित लिहिणारे, आधुनिक युरोपीय मापं घेऊन संस्कृत श्लोकांत ग्रहगणित बसवणारे. केतकी पंचांगातली केतकी ती हीच. त्यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत लेख दिला की नेपच्यूनच्या पलीकडे अजून दोन ग्रह असावेत, नावं ठेवली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणा २४२.२८ वर्षं. १९३० मध्ये टॉमबॉने प्लूटो शोधला तर अंतर साडेएकोणचाळीस आणि २४८ वर्षं. बागलकोटात बसून! आपल्या पाठ्यपुस्तकात एक ओळ नाही.

गणितवाला

केतकरांबद्दल आदर आहेच, ज्योतिर्गणित उघडून पाहिलं तर माणूस काय ताकदीचा होता ते कळतं. पण हा दावा जपून करावा. त्यांनी ल व्हेरिएसारखी ओढ मोजून ग्रह काढला नव्हता. गुरूच्या तीन चंद्रांच्या गतींत लाप्लासने जो मेळ दाखवला होता तसाच मेळ युरेनस, नेपच्यून आणि पलीकडच्या ग्रहांत असेल असं धरून अंतर आणि काळ काढला. आकाशात नेमका कुठे बघायचं ते सांगितलं नव्हतं, आणि विष्णू काही सापडला नाही.

आणि हे फक्त केतकरांबाबत नाही, अमेरिकेतल्या लॉवेलने तर ओढ मोजून गणित केलं होतं, प्लूटो त्याच्या जागेपासून सहाएक अंशांवर मिळाला, लोकांनी जयजयकार केला. मग प्लूटोचं वस्तुमान कळलं, आपल्या चंद्राच्या पाचव्या भागाहून कमी. तो युरेनस-नेपच्यूनला काय कपाळ ओढणार! शेवटी १९९३ मध्ये स्टँडिशने व्हॉयेजरने मोजलेलं नेपच्यूनचं नवं वस्तुमान घालून हिशोब केला, जुन्यापेक्षा अर्धा टक्का कमी, तर युरेनसची सगळी तक्रार मिटली. पलीकडे ओढणारा कुणी लागतच नव्हता.

बेळगावी_कुंदा

म्हणजे लॉवेलचा योगायोग चालतो आणि केतकरांचा नाही? मी कुठे म्हटलं त्यांनी प्लूटो शोधला म्हणून. एवढंच म्हणतोय की पुण्या-मुंबईबाहेरच्या एका मास्तराने फ्रेंच पत्रिकेत जाऊन हा प्रश्न मांडला, तो पोरांना माहीत असावा.

गणितवाला

तेवढ्याला शंभर टक्के अनुमोदन.

उत्तररात्र

सगळ्यांचे आभार. योगायोगावर थोडं लिहायचं राहिलं होतं. अंतर चुकलं तरी जागा बरोबर का आली? कारण युरेनस आणि नेपच्यून १८२१-२२ च्या सुमाराला सूर्याच्या एकाच बाजूला एका रेषेत आले होते. त्याच्या आधी नेपच्यून युरेनसला पुढे खेचत होता, नंतर मागे खेचायला लागला. ही पलटी कधी झाली हे नोंदींत ठसठशीत दिसत होतं, आणि पलटीच्या वेळी दोघं एका दिशेला असणारच. मग ग्रह जरा लांबचा पण जड धरला काय किंवा जवळचा हलका धरला काय, दिशा साधारण तीच येते. अमेरिकेतल्या बेंजामिन पियर्सने तेव्हाच म्हटलं होतं की हा सुखद अपघात आहे, ल व्हेरिएला ते भयंकर झोंबलं. हेच काम त्यांनी पन्नास वर्षं आधी किंवा नंतर केलं असतं तर जागा एवढी नेमकी आली असती का, शंका आहे.

आणि ल व्हेरिएने तीच किल्ली पुन्हा लावून बघितली हे विसरू नका. १८५९ मध्ये त्याने दाखवलं की बुध पण गणिताला जुमानत नाही, त्याच्या कक्षेचं सूर्याला जवळचं टोक शतकाला ३८ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जास्त सरकतंय (आजचा आकडा ४३). मग म्हणाला आतल्या बाजूला अजून एक ग्रह आहे, व्हल्कन. एका हौशी डॉक्टरने पाहिल्याचं सांगितलं, हा स्वतः त्याच्या गावी जाऊन उलटतपासणी करून आला आणि विश्वास ठेवला. दर ग्रहणाला लोक शोधत राहिले. ग्रह नव्हताच. १९१५ मध्ये आइनस्टाइनने नवं गुरुत्वाकर्षण आणलं आणि त्या ४३ विकला जागच्या जागी बसल्या. तोच माणूस, तीच रीत, एकदा नवा ग्रह मिळाला आणि एकदा जुना सिद्धांतच अपुरा निघाला, आणि आधी सांगायला काही मार्ग नव्हता.

रानजाई

मग आता नवव्या ग्रहाचं काय समजायचं? २०१६ मध्ये बॅटिगिन आणि ब्राउन यांनी जो सांगितलाय. नेपच्यून म्हणायचं का व्हल्कन?

निळी_शाई

तिथली रीत थोडी वेगळी आहे, एका ग्रहाची ओढ नाही तर लांबच्या बऱ्याच लहान गोळ्यांच्या कक्षा एकाच बाजूला का झुकल्यात असा प्रश्न. विरोधक म्हणतात की आपण आकाशाच्या ठरावीक भागातच शोधलंय म्हणून तसं दिसतंय. चिलीत रुबिन वेधशाळा सुरू झालीये, ती सगळं दक्षिण आकाश सारखं सारखं टिपत राहणार. थोडक्यात एन्केंच्या कपाटातला नकाशा, पण दर काही रात्रींनी नवा.

चहाबाज

माझी पैज व्हल्कनवर. एक कटिंग.

सह्यभटक्या

पैज नंतर लावा. दिवाळीनंतरच्या अमावास्येला मुरबाडच्या पुढे जायचं चाललंय, आठ इंची आणतोय. द्विनेत्री ज्याची त्याने आणा, गाड्यांचे हेडलाइट पोचल्यावर बंद आणि टॉर्चला लाल कागद लावून या. ट्रायटन आठ इंचीत दिसेल का असं विचारणाऱ्यांना, तेज साडेतेरा प्रत आहे, अगदी काळोख आणि नशीब असेल तर डोळ्याच्या कोपऱ्यातून, मी खात्री देत नाही. येणाऱ्यांनी व्यक्तिगत निरोप करा.